मुलांना कादंबरी कशी शिकवावी?

दिवाळीच्या सुट्टींतील अभ्यास हा मुलांचा राहिला नसून घरांतील वडील माणसांचा होऊन बसला आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. किल्ला तेवढा मुलें बांधतात. 'प्रकल्प' आईबापांस बांधावा लागतो. आमच्या सांगलीच्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असल्यामुळें अशा कामास हात भरपूर; आणि आमचीं स्वतःचीं एकतीस वर्षें मराठी शिकविण्यांत गेलेलीं असल्यामुळें भाषेचा प्रकल्प आला कीं मुकादमी आमच्याकडे ठरलेलीच. अशा एका सुट्टींत आमच्या बंधूंचा नातू, वय वर्षें बारा, इयत्ता सातवी, हातांत एक कागद घेऊन आमच्यापुढें उभा राहिला. शाळेची आज्ञा होती : कोणतीहि एक मराठी कादंबरी वाचावी आणि तिचें रसग्रहण दोन पानांत लिहून आणावें.

आम्हीं त्याच्या हातीं व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. ही कादंबरी १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. आकारानें लहान, भाषेनें सरळ, आणि ज्या माणदेशाची ती कथा आहे त्याचा आटपाडीकडील भाग आमच्याच जिल्ह्यांत मोडतो. मुलानें ती चार दिवसांत संपविली. जेवणाच्या पानावर तीन हांका मारल्याशिवाय तो उठत नव्हता, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

मग लिहिण्याची वेळ आली, आणि येथें आम्हीं जें केलें तें कबूल केल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आम्हीं त्याला मुद्दे घातले. कथानक, पात्रें, संवाद, वातावरण, भाषाशैली, बोध. ह्याच सहा खुंट्या आम्हीं आयुष्यभर वर्गांत ठोकल्या आणि त्यांवर पोरांनीं आणून दिलेले अंगरखे टांगले. मुलानेंहि खुंट्या भरल्या. कांहीं मजकूर त्यानें आमच्या तोंडचा घेतला, कांहीं बाजारांतील 'गाईडां'तून, आणि कांहीं, मागाहून कळलें, आईच्या मोबाईलवरून. दोन पानें सुवाच्य अक्षरांत तयार झालीं. त्यांत एक वाक्य होतें कीं लेखकाची भाषा ओघवती व चित्रदर्शी आहे. आम्हीं सहज विचारलें, "ओघवती म्हणजे काय रे?"

"तें सगळ्याच पुस्तकांना लिहितात, आजोबा."

"बरें, पण तुला पुस्तक कसें वाटलें?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाचतांना छान वाटलें होतें. लिहायला लागल्यावर नाहीं."

त्या निबंधास दहांपैकीं नऊ गुण मिळाले. मुलानें मात्र पुढें चार महिने एकहि गोष्टीचें पुस्तक हातांत धरलें नाहीं.

ज्या मनुष्यानें जन्मभर मुलांना साहित्याची गोडी लावण्याचा पगार घेतला, त्याच्या घरांत, त्याच्याच हातून, एका मुलाची गोडी मेली, ही गोष्ट आम्हांस फार लागली. शाळेस दोष देणें सोपें होतें. आम्हीं तो दिलाहि. दोन दिवस जेवतांना दुसरें कांहीं बोललों नाहीं. पण वर्गांत साठ मुलें बसविलेल्या शिक्षकानें करावें तरी काय, हें आम्हांहून अधिक कोणास ठाऊक असणार? शेवटीं दोष आमच्या सहा खुंट्यांचा, हें मान्य करणें भाग पडलें. त्या खुंट्या परीक्षकाच्या सोयीच्या आहेत, वाचणाराच्या नव्हेत. कोणीहि मनुष्य गोष्ट वाचतांना 'आतां पात्रें वाचूं, उद्यां वातावरण वाचूं' असें करीत नाहीं.

पाठ्यपुस्तकांतील धडा आणि सबंध कादंबरी ह्यांत एक मोठा भेद आहे, तो शिकविणारे बहुधा विसरतात. धडा चार पानांचा. तो एका तासांत डोळ्यांपुढें सबंध राहतो. कादंबरी तशी डोळ्यांपुढें राहत नाहीं. ती आठवणींत वागवावी लागते. दहाव्या पानावर जें साधें वाटलें होतें त्याचा अर्थ शंभराव्या पानावर पालटतो, आणि तो पालटला हें ज्याला कळलें त्याला कादंबरी कळली. हें नांवच पाहा. सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या संस्कृत कथेची नायिका कादंबरी. मराठीनें तिचें नांव सबंध वाङ्मयप्रकारासच देऊन टाकलें. बाणाची ती कथा इतकी लांबली कीं त्याच्या हयातींत पुरी झाली नाहीं, त्याच्या मुलानें ती पुरी केली. लांबी हा ह्या प्रकाराचा स्वभावच आहे. आणि इतकें लांब सूत धरून ठेवण्याची शक्ति अकरा ते तेरा ह्या वयांतच मुलांच्या अंगीं येऊं लागते. त्याच सुमारास त्यांना हेंहि उमगूं लागतें कीं माणूस बोलतो एक, मनांत असतें दुसरें, आणि करतो तिसरेंच. म्हणून कादंबरी शिकवावयाची तर ह्याच वयांत, असें आमचें मत झालें आहे.

पुढच्या मे महिन्यांत आम्हीं प्रायश्चित्त म्हणून दुसरा प्रयोग केला. पुस्तक तेंच. विद्यार्थी तीन : हा मुलगा, त्याची सहावींतील धाकटी बहीण, आणि आमची आठवींत गेलेली नात. वेळ रात्रीं जेवणानंतरची, जागा सोप्यांतला झोपाळा. एका बैठकीस दहाबारा पानें मोठ्यानें वाचावयाचीं, आळीपाळीनें. वही-पेन्सिल बंद. नियम एकच ठेविला. पुस्तकाविषयीं ज्यानें त्यानें काय वाटेल तें म्हणावें; मात्र दुसऱ्यानें "कशावरून?" असें विचारलें कीं बोलणारानें पुस्तकांतल्या जागेवर बोट ठेवून दाखवावें. बोट ठेवतां आलें नाहीं तर म्हणणें मागें घ्यावें. हा नियम वडील माणसांसहि लागू राहील, असें आम्हीं उदारपणें जाहीर केलें. त्या उदारपणाची किंमत पुढें द्यावी लागली, तें येईलच.

मुलाच्या मनांत पहिली अढी होती, ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशीं बहिणीनें म्हटलें, "माडगूळकर पहाटे एकटेच निघतात, त्यांना भीति नाहीं वाटत?" त्यानें तत्काळ टोकलें, "माडगूळकर कशावरून?" आणि दोघेंहि पुस्तकावर तुटून पडलीं. कादंबरी 'मी' असें म्हणणारा एक तरुण शिक्षक सांगतो. त्याचें नांव राजाराम विठ्ठल सौंदणीकर. लिहिणारे माडगूळकर निराळे. मोठीं शिकलेलीं माणसेंहि ह्या ठिकाणीं घसरतात. लिहिणारा आणि सांगणारा हे दोन, हें एकदां मुलाच्या ध्यानीं आलें कीं निम्मी कादंबरी त्याच्या हातीं आली असें समजावें. कारण मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : सांगणाराला जें दिसत नाहीं तें आपणांस कसें कळतें? म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मनांत काय चाललें आहे हें मास्तर पाहूं शकत नाहीं. तो त्याचा चेहरा पाहतो, त्याचें बोलणें ऐकतो, आणि तेवढ्यावर तर्क करतो. आपण मास्तरच्या तर्कावर तर्क करावयाचा. मुलांना हें एखाद्या पोलिसी तपासासारखें वाटलें, आणि आम्हीं तें तसें वाटूं दिलें.

अमोल पालेकर ह्यांनीं १९९५ सालीं ह्या कादंबरीवर चित्रपट केला. आमच्या सूनबाईंची सूचना होती कीं तोच मुलांना दाखवावा, म्हणजे काम लौकर होईल. आम्हीं तो पुस्तक संपेपर्यंत दाखवूं दिला नाहीं. चित्रपटांत मास्तर आपणांस सदैव दिसत राहतो. पुस्तकांत तो दिसत नाहीं, कारण आपण त्याच्याच डोळ्यांनीं पाहत असतों. हा भेद कळावयाचा तर पुस्तक आधीं व्हावयास पाहिजे.

कारभाऱ्याच्या बाबतींत आमच्या नातीनें एक युक्ति काढली, ती आम्हांस एकतीस वर्षांत सुचली नव्हती. कारभारी हा त्या धनगरवाडीचा जाणता म्हातारा. शाळा चालावयाची तर त्याच्या शब्दावर; त्याचें मन फिरलें कीं गांव फिरलें. नातीनें गणिताच्या वहींतला चौकटीचा कागद घेतला आणि कारभाऱ्याचा मास्तरवरील विश्वास आलेखांत मांडावयास घेतला. आडव्या रेषेवर पानें, उभ्या रेषेवर विश्वास. रोज रात्रीं वाचन झालें कीं त्या दिवसाचा ठिपका कोठें द्यावा ह्यावर कडाक्याचें भांडण. एक म्हणे दोन घरें वर, दुसरी म्हणे अर्धेंच. प्रत्येक अर्ध्या घरासाठीं "कशावरून?" आणि प्रत्येक "कशावरून"साठीं पुन्हां पानें चाळणें. 'व्यक्तिचित्रण' हा शब्द आम्हीं त्या महिन्यांत एकदांहि उच्चारला नाहीं. पण व्यक्तिचित्रण म्हणजे काय तें त्या कागदावर उमटत होतें.

आलेख वर चढत असतां एके ठिकाणीं धाडकन् खालीं यावयाचा होता, आणि तेथें पोंचण्याआधींच घरांत वादळ उठलें. वाचकांपैकीं पुष्कळांस तो प्रसंग आठवत असेल. कारभाऱ्याची मुलगी अंजी हिची चोळी मास्तर शहरगांवांतून शिवून आणतो, आणि त्यांतून भलताच अर्थ निघून म्हातारा मास्तरशीं अबोला धरतो. आमच्या वहिनी सोप्याच्या दारांत तांदूळ निवडीत बसत असत. त्यांनीं पुस्तक पूर्वीं वाचलेलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं आम्हांस गांठून सांगितलें, "भाऊजी, बाराबारा वर्षांचीं पोरें आहेत. तीं चार पानें गाळून वाचा."

खरें सांगावयाचें तर आम्ही गाळावयास तयार झालों होतों. एकत्र कुटुंबांत सुधारणेपेक्षां शांतता अधिक मोलाची वाटते. पण मुलाच्या आईनें हरकत घेतली. तिचें म्हणणें असें कीं तीं पानें गाळलीं तर म्हातारा उगाच रुसला असें होईल, आणि उगाच रुसणारा म्हातारा म्हणजे विदूषक. मग त्याच्याविषयीं मुलांना काय वाटणार? ह्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अखेर वहिनींनींच तोड काढली. म्हणाल्या, "मग मी पुढें येऊन बसतें. कांहीं विचारलें तर मी सांगेन."

त्या रात्रीं तें वाचन झालें तेव्हां मुलांनीं जें विचारलें तें आम्हां कोणाच्याच अपेक्षेप्रमाणें नव्हतें. त्यांना त्यांत वावगें कांहींच दिसलें नाहीं. "कपडा शिवून आणला, त्यांत रागावण्यासारखें काय?" असा त्यांचा प्रश्न. ज्यांचे कपडे घरबसल्या मोबाईलवर मागविले जातात त्या मुलांनीं आणखी काय विचारावें? आम्हीं व्याकरण शिकविलें, छंद शिकविले, अलंकार शिकविले. पण ह्या प्रश्नाचें उत्तर वहिनींपाशीं होतें. त्यांनीं आपल्या माहेरच्या वाड्यांतल्या गोष्टी सांगितल्या. लग्नाच्या मुलीला कपडा कोण आणूं शके, कोण नाहीं. नात्याबाहेरच्या माणसानें आणलेली साधी बांगडीसुद्धां कशी परत जाई. आणि गांव किती लहान असलें म्हणजे एक गोष्ट किती घरांत शिरते. सांगतां सांगतां त्या म्हणाल्या, "तो म्हातारा मास्तरवर रागावला नाहीं गं. तो गांवाला भ्याला."

"कशावरून?" धाकटीनें विचारलें.

वहिनींनीं चष्मा मागविला, पुस्तक घेतलें, आणि त्या रात्रीं त्यांचे तांदूळ तसेच राहिले. त्यांना जागा सांपडली कीं नाहीं ह्यावर मुलांत अद्यापि मतभेद आहे. आलेखावरील त्या दिवसाचा ठिपका दोन रंगांत आहे. एक रागाचा, एक भीतीचा.

पुस्तकाबाहेरची माहिती केव्हां द्यावी, हा एक नाजूक प्रश्न आहे. आम्हां शिक्षकांची खोड अशी कीं आरंभींच लेखकाचा जन्म, ग्रंथसंपदा, पारितोषिकें सांगून मुलांस झोपवावयाचें. आम्हीं ह्या वेळीं मुलें विचारतील तोंपर्यंत तोंड मिटून राहिलों. मास्तर गांवाकडून तालीम बांधवून घेतो आणि तिच्या समारंभास प्रत्यक्ष राजा येतो, तेथें मुलगा अडला. "खरा राजा? तो एवढ्याशा वाडीच्या तालमीला कशाला येईल?" तेव्हां आम्हीं औंध संस्थानाची हकीकत सांगितली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते; आपल्या प्रजेनें शरीर कमवावें ह्याचा त्यांस ध्यास. १९३९ सालीं त्यांनीं संस्थानाचा कारभार प्रजेच्या हातीं देणारी राज्यघटना दिली. आटपाडीचा मुलूख त्यांच्याच संस्थानांत होता. हें कळल्यावर मास्तरास शाळेच्या जोडीला तालीमच कां सुचावी, ह्याचा उलगडा मुलांस झाला. मात्र लगेच बजावलें कीं कादंबरींतला राजा हा कादंबरीचा. इतिहासाच्या पुस्तकांतून त्याची साक्ष काढूं नये. आणि बनगरवाडी नकाशांत शोधूं नये.

आणखी एक खेळ मुलांनींच काढला. एखादें माणूस किंवा प्रसंग पुस्तकांतून उचलून बाहेर ठेवावयाचा, आणि गोष्टीचें काय होतें तें पाहावयाचें. आयबूला काढलें तर मास्तर अगदींच एकटा पडतो. तालीम काढली तर सगळ्या गांवानें मिळून केलेलें एकुलतें एक काम जातें. शेकूची बायको काढली तर, मुलगा म्हणाला, कथेला कांहींच होत नाहीं, ती काढून टाकावी. एकच बैल असलेल्या शेकूच्या नांगराला जी बाई दुसऱ्या बैलाच्या जागीं स्वतः जुंपून घेते, ती ही. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं जेवतांना तो आपण होऊन म्हणाला, "ती काढतां येत नाहीं. कथेला कांहीं होत नाहीं, पण मग पुढें पाऊस पडत नाहीं तेव्हां आपल्याला काहीं वाटत नाहीं." मोठमोठ्या टीकाकारांनीं ह्याहून फार वेगळें काय म्हटलें असतें, कोण जाणे.

पावसाचा विषय निघालाच आहे तर सांगतों. दुष्काळांत गांव उठतें, माणसें मेंढरें घेऊन निघून जातात, हा भाग वाचतांना मुलें प्रथम थंडच होतीं. आम्हीं कृष्णाकांठचे. पाणी नाहीं म्हणून घर सोडावें, हें आमच्या मुलांच्या अनुभवांत कोठून असावें? टेंभू योजनेनें कृष्णेचेंच पाणी उपसून आटपाडीकडे नेलें आहे, त्यामुळें तिकडेहि जुनें चित्र तसेंच्या तसें राहिलेलें नाहीं. पण २००५ सालीं आणि पुन्हां २०१९ सालीं कृष्णा आमच्या शहरांत शिरली होती. २०१९ च्या पुरांत हा मुलगा पहिलींत होता. खालच्या मजल्यांत छातीभर पाणी, आणि आम्हीं सर्व मिरजेस नातलगांकडे जाऊन राहिलेलों. वाचतां वाचतां तो मध्येंच थांबला आणि म्हणाला, "आपणहि निघून गेलों होतों कीं." मग त्या रात्रीं पुस्तक पुढें सरकलें नाहीं. कोणी काय उचललें, कोणी काय मागें ठेविलें, शेजारच्यांची मांजर कोठें गेली, हें बोलण्यांत साडेदहा वाजले. कोणास वाटेल, हा विषय सोडून फांटा झाला. आम्हांस तसें वाटत नाहीं. एकाच जिल्ह्यांतील एका टोकाचा मुलगा दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या दुःखापर्यंत त्या फांट्यावरूनच पोंचला.

आतां आमच्या स्वतःच्या फजितीकडे वळतों. वाचन संपलें त्या रात्रीं समारोप करावयाचा म्हणून आम्हीं घसा साफ केला आणि म्हटलें, "तर मुलांनो, ही एका ध्येयवादी शिक्षकाची कथा आहे. मागासलेल्या गांवांत जाऊन तो त्या गांवाला सुधारतो."

"कशावरून?" सहावींतल्या पोरीनें विचारलें.

आम्हीं शाळा दाखविली, तालीम दाखविली. ती म्हणाली, "पण शेवटीं शाळेंत कोण असतें? तालमींत कोण जातें?" आम्हीं पुस्तक घेतलें. नियम आमचाच होता. वर्गांत वर्षामागून वर्षें फळ्यावर लिहिलेलें वाक्य. त्यास बोट ठेवावयास जागा सांपडेना. शाळा ओस पडते ती मास्तराच्या चुकीनें नव्हे. मुलेंच उरत नाहींत, कारण पाऊस नाहीं. ध्येयवादानें पाऊस पडत नाहीं. मग नातीनें सुचविलें कीं पहिलीं दोन पानें आणि शेवटचीं दोन पानें लागोपाठ वाचून पाहावीं. वाचलीं. आरंभीं एक अनोळखी पोरसवदा मास्तर एका अनोळखी वाडीकडे एकटा चालला आहे. अखेरीस ती वाडी रिकामी आहे, आणि तीं माणसें आतां त्याला कोणी तिऱ्हाईत राहिलेलीं नाहींत. पालटला असेल तर मास्तर पालटला आहे. धनगरांनीं त्याच्यापासून काय घेतलें तें सांगणें कठीण; त्यानें त्यांच्यापासून काय घेतलें तें पानापानावर आहे.

आम्हीं आपलें वाक्य मागें घेतलें. सुशिक्षित घरांतल्या माणसांस 'गांव सुधारणारा शिक्षक' हें चित्र इतकें सोयीचें वाटतें कीं तें पुस्तकांत नसलें तरी आपण घरून घेऊन जातों, असा संशय त्या रात्रीं आम्हांस आला, आणि तो अद्यापि गेलेला नाहीं. किती वर्गांना आपण हें शिकविलें, ह्याचा हिशेब करीत बराच वेळ जागे राहिलों.

ज्यांस हा प्रयोग आपल्या घरीं करावयाचा असेल त्यांनीं 'बनगरवाडी'च घेतली पाहिजे असें नाहीं. सहावीच्या मुलास ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे जवळचा वाटेल; त्यांत आलेख काढण्याजोगें म्हातारे नसतील, पण "पुढें काय होईल, आणि कशावरून?" हा प्रश्न तेथेंहि चालतो. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेली सानेगुरुजींची 'श्यामची आई' तर घरोघर आहे. ती आपण मुलांना रडण्यासाठीं आणि सुधारण्यासाठीं देतों. त्याऐवजीं एकदां एवढेंच विचारून पाहावें : ही गोष्ट सांगणारा श्याम लहान आहे कीं मोठा? लहान श्यामला जें तेव्हां कळलें नाहीं तें मोठ्या श्यामला कोठें कोठें कळलेलें दिसतें? मुलें तेंच पुस्तक निराळ्या डोळ्यांनीं वाचूं लागतात, असा आमचा अनुभव आहे. वर्गांतील शिक्षकांस रोजचा झोपाळा शक्य नाहीं हें मान्य. पण सर्व वर्गास एकच कादंबरी, आठवड्यास दोन तास, आणि दर तासास एकच प्रश्न, एवढें शक्य असावें. वर्षाकांठीं एक कादंबरी अशी झाली तरी पुष्कळ.

लिहिणें आम्हीं अगदीं शेवटीं ठेविलें. दोन पानें नव्हेत, एकच परिच्छेद. विषय ज्याचा त्यानें निवडावा. कोणत्याहि पुस्तकाला चालेल असें वाक्य लिहूं नये. मुलानें जें लिहिलें तें त्याच्या परवानगीनें येथें देतों :

"पूर आला तेव्हां आम्ही मिरजेला गेलों आणि नंतर परत आलों. भिंतींवर पाण्याची खूण होती, पण घर होतें. बनगरवाडींतलीं माणसें केव्हां परत येतील हें पुस्तक सांगत नाहीं. मास्तरलाहि माहीत नाहीं, कारण तोच गोष्ट सांगतो आणि तोहि निघाला. म्हणून शेवट वाचल्यावर पुस्तक संपल्यासारखें वाटत नाहीं. आजोबा म्हणतात तें लेखकानें मुद्दाम केलें. मला वाटतें दुसरें कांहीं करतांच आलें नसतें."

हा परिच्छेद कोणत्याहि शाळेंत दिलेला नाहीं, त्यामुळें त्याला गुण किती मिळाले असते हें सांगतां येत नाहीं.

पुढच्या सुट्टीसाठीं हरिभाऊ आपट्यांचें 'पण लक्षांत कोण घेतो?' निवडलें आहे. तें पूर्वीं त्यांच्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येत असे. तसेंच हप्त्याहप्त्यानें वाचावयाचें ठरलें आहे. निवड वहिनींची. तेथेंहि गोष्ट सांगणारी यमू आणि लिहिणारे हरिभाऊ, असा जोड आहे, त्यामुळें मुलांनीं आतांपासूनच "बायकांच्या मनांतलें त्यांना कशावरून कळलें?" असें विचारावयास सुरवात केली आहे. आमच्या कपाटांतल्या प्रतीचीं मधलीं पंधरावीस पानें पुरांत भिजून एकमेकांस चिकटलीं आहेत. तीं कशीं सोडवावींत ह्याचा खल सध्यां चालू असून, वाफ द्यावी असें वहिनींचें मत आहे.